सेल्वमची अर्धी म्हण

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या, फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांकडे पाव किलो भेंडी मागून बघा. भेंडी मिळते, पण आधी एक म्हण ऐकावी लागते. तीही मराठी नाही. पंजाबी, नेपाळी, तमिळ, कधी थेट आफ्रिकेतली. विषय दोनच: सैनिक आणि विक्री. सैनिक बाजारात गेला की त्याचं काय होतं आणि व्यापारी लढाईवर गेला की काय होतं, यावर जगभरच्या लोकांनी एवढं बोलून ठेवलंय, हे मला मास्तर असूनही ठाऊक नव्हतं.

माणूस एका जागी म्हणून ठरत नाही. मेथीच्या जुड्या एका रेषेत लावतील, दोन पावलं मागे जाऊन बघतील, पुन्हा लावतील. गिऱ्हाइकानं मधलीच जुडी उचलली की यांचा जीव वरखाली. कुणी भाव पाडून मागितला, तर "एकच बात!" म्हणून गरजतात आणि व्यापाऱ्यांची टर उडवणारी म्हण ऐकवतात. आपणही आता व्यापारीच आहोत, हे त्यांच्या गावीही नसतं. तराजू आणि पैसे त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सांभाळतात.

"अहो, त्या ताईंना उशीर होतोय. तुमची आफ्रिका मग सांगा!"

प्रत्येक म्हणीला मालक आहे. ही फौजेतल्या गुरुंगची, ती बलविंदरची. शांतिसेनेत असताना भेटलेल्या एका इथिओपियन शिपायाचीही एक आहे.

परवा कांदे घ्यायला गेलो, तर म्हणच नाही. सुभेदार हातगाडीभोवती फेऱ्या घालत होते. टोमॅटो आणि वांगी एकाच ढिगात! मी हबकलोच.

"सेल्वमची अर्धीच येते, सर. पुढचं गेलंच डोक्यातून. सकाळपासून लय आठवून पाहिलं."

"मोबाइलवर शोधू?"

"मोबाइलवर नाय ती. त्याची आई म्हणायची."

"मग त्यालाच फोन करा की."

"तो बर्फाखाली गेला. माझ्या पुढंच चालत होता."

असं काही ऐकलं की मी हमखास नको ते बोलतो. "राहिलेलं तुम्हीच जुळवा ना. इथं तमिळ कळतंय कुणाला?"

सुभेदार भडकले. "सर, त्याचं माझ्यापाशी दुसरं हाय काय? तेवढंच होतं. तेबी हरवून बसलो मी!" या धिप्पाड माणसानं भर गिऱ्हाइकीत ढिगातलं एक वांगं उचललं आणि पुन्हा टोमॅटोंतच टाकलं. मला फार वाईट वाटलं.

काकू कुणाला तरी गवार तोलत होत्या. तराजूवरची नजर न काढता त्यांनी ती म्हण म्हणून टाकली. सबंध. इगतपुरीकडच्या हेलात तमिळ.

सुभेदार जागीच थांबले. "तुला कुठून येते?"

"सुट्टीवर आले की झोपेत हेच बडबडायचे तुम्ही. मला सगळ्यांच्या पाठ हायेत. गुरुंगची, बलविंदरची, समद्यांच्या."

"पुन्हा म्हण."

काकूंनी पुन्हा म्हटली. सुभेदारही त्यांच्या मागून पुटपुटले आणि डोळे पुसून म्हणाले, "मी विसरलो तरी तू हायेस. पण पुढं तूबी विसरली तर?"

काकूंनी गवार पिशवीत ओतली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "सर हायेत ना."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या आशेनं वर्गातल्या एकाही पोरानं माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही. मी कांद्यांची पिशवी खाली ठेवली.

"सांगा," मी म्हणालो, "पहिला शब्द काय?"