बखर ओटिलीबाई ब्राख यांच्या नांवाच्या कागदाची

नादास प्रथम नमन, जो प्रकट होतेसमयीं लुगडें कीं पागोटें हें पाहत नाहीं. त्याउपरि हकीकत ऐसी कीं, शके सत्राशें एक्याण्णव, शुक्लनाम संवत्सर, माघ मासीं, जर्मनांचे मुलखांत एक संस्थान होतें, त्याचें नांव लिहून मान वाढवीत नाहीं, आणि तेथें ओटिलीबाई ब्राख म्हणोन वाद्यांच्या रचना करणाऱ्या थोर बाई राहत होत्या. वय अठ्ठावन्न, गुडघे धरलेले, आणि डोक्यांत चाळीस वाद्यें एकदम वाजत. बाईंनीं तरुणपणीं पहिली मोठी रचना दरबारीं गुजराणिली, ती "बायकांचे मानानें बरी" ऐसा शेरा होऊन परत आली. मग दुसरी दिली, ती गहाळ जाहली म्हणोन सांगितलें, आणि बारा वर्षांनीं ती वाद्यशाळेचे मुख्य क्नोरसाहेब यांचे मेजाखालीं सांपडली. मेज डगमगत होतें म्हणोन घडी करून पायाखालीं सारिली होती. ऐसे ते कदरदान. आणि मग बाईंनीं तिसरी लिहिली, आणि ती महाराजांचे वाढदिवशीं वाजवावयाचें ठरलें, कारण क्नोरसाहेबांची स्वतःची वेळेवर पुरी जाहली नाहीं.

त्या दरबारीं शिरस्ता ऐसा कीं, सभागृहाचे दारावर कागद लागे आणि त्यावर रचना कोणाची तें नांव असे. बाईंस मानवस्त्र नको होतें, पालखी नको होती, चाळीस वर्षें त्या कागदावर आपलें नांव तेवढें पाहिजे होतें. त्या दिवशीं दोन प्रहरीं बाई काठी टेकीत दारीं आल्या, आणि चष्मा पुसून वाचितात तों लिहिलें होतें, "रचना: एका कुलीन स्त्रीची." बाई बोलिल्या, "क्नोरसाहेब, माझा बाप खाटीक होता. कुलीन मी नव्हें, आणि नांव मला आहे." साहेब गोड हसोन म्हणाले, "बाईसाहेब, नांव वाचून लोक आधींच हसतील. मी आपलें हितच पाहतों." "माझें हित राहूं द्या, कागद पाहा," ऐसें बाई म्हणाल्या, परंतु साहेब आंत गेले, आणि बाई थंडींत दाराशींच उभ्या राहिल्या.

हें सारें आंतून वेंडेल नगारची यांनीं ऐकिलें. वेंडेल सत्तरीचे, तोंडाचे फटकळ. नगारचीचें काम ऐसें कीं घटकाभर गप्प बसावें आणि मग चार टोले द्यावे. सबब बाकीचे आपापलें वाजविण्यांत गुंतले असतां सारी रचना ऐकणारा तोच एक. आणि दुसरा शिरस्ता ऐसा कीं, नगारा झडल्याखेरीज महाराजांनीं सभागृहाचा उंबरा ओलांडूं नये. मग स्वारी आली, भालदारांनीं पुकारा केला, महाराजांनीं पाऊल उचलिलें, आणि नगारा झडेना. वेंडेल टिपऱ्या मांडीखालीं घेऊन बसले होते.

महाराज पुसते जाहले, "खोळंबा कशाचा?" वेंडेल बोलिले, "सरकार, रचना कोणाची तें दारावर नाहीं. बेवारशी गाणें मी वाजवीत नाहीं." क्नोरसाहेब लाल होऊन म्हणाले, "म्हाताऱ्या, तुला रचनेंतलें काय कळतें?" "साहेब, आपण हात हालविण्यांत दंग, आपणांस ऐकावयास सवड कोठें? मी तीस वर्षें बसून ऐकतों आहें. आपलें ऐकतांना डोळा लागतो. बाईंचें तालमींत ऐकतांना टोला चुकेल म्हणोन भय वाटलें."

महाराजांचे पाय गारठले होते. त्यांनीं बाईंस नांव पुसिलें आणि आज्ञा केली, आणि क्नोरसाहेबांनीं आपले हातानें "ओटिलीबाई ब्राख" ऐसें लिहिलें. बाई म्हणाल्या, "आणखी मोठें. रस्त्यावरून वाचतां यावें." मग मोठें लिहिलें, आणि नगारा झडला, आणि महाराज आंत आले, आणि रचना ऐसी वाजली कीं शेवटीं सारंगीवाल्यांनीं गज समोरच्या, कागद ठेवावयाच्या घोडीवर ठोकून मुजरा केला, जो त्यांचे रीतीनें फक्त रचना करणारासच होतो. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्या पुटपुटल्या, "मागली रांग तालांत ठोकीत नाहीं."

दुसरे दिवशीं क्नोरसाहेबांनीं कागद काढविण्यास माणूस पाठविला, तों कागद आधींच नाहींसा. वेंडेल यांनीं नगाऱ्याचें कातडें उतरवून तो आंत, नगाऱ्याचे तांबें धातूचे भांड्याचे पोटांत चिकटविला होता, आणि वरून पुन्हा कातडें मढविलें होतें. पुढें बाई वारल्या, वेंडेल वारले, आणि त्या दरबारचे इतिहासांत क्नोरसाहेबांस चार पानें आणि बाईंस एक ओळ नाहीं. लिहिणारांस लाज ती नाहींच. मात्र कातडें बदलणारा जो जो नगारची येतो, तो आंतलें नांव वाचितो, हातानें धूळ पुसतो, आणि पुन्हा मढवितो.

एवंच, नांव दारावर एक दिवस राहिलें. परंतु त्याउपरि त्या सभागृहांत कोणताही महाराज बाईंचें नांव घुमल्यावांचून आंत गेला नाहीं.