कापायच्या आधी अब्बासमामूंना विचारा

अब्बासमामूंच्या प्रत्येक पँटच्या पायात वीतभर कापड आतून दुमडलेलं असायचं. लांबी जास्त झाली तर दुमड, पण कात्री लावायची नाही, अशी शिंप्याला सक्त ताकीद होती. त्यामुळे चालताना त्यांच्या घोट्यांशी दोन उशा बांधल्यासारख्या दिसत. कोणी हसलं तर ते शांतपणे म्हणत, "कापायला हात पुरतो रे, जोडायला नशीब लागतं."

हे वाक्य त्यांनी उगाच मिळवलेलं नव्हतं. रत्नागिरीतल्या एका सर्जनच्या ऑपरेशन थिएटरात त्यांनी सव्वीस वर्षं हत्यारं उकळली आणि स्ट्रेचर ढकलली. निवृत्त झाल्यावर ते स्टँडजवळच्या माझ्या एसटीडी बूथशेजारी एका खोलीत एकटेच राहत, आणि सर्जनपेक्षा जास्त तोऱ्यात गावभर सल्ले देत फिरत. मासळीबाजारात सुरमई कापणाऱ्या बाईला म्हणायचे, "गे बाय, सुरी आडवी धर. पेशंट खराब करशील." एकदा त्या बाईनं सुरी त्यांच्यावरच रोखली, तर मामू म्हणाले, "मूठ ढिली हाय तुझी."

पण त्यांचं खरं वैर एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या पिवळ्या कागदांशी होतं. 'शीघ्रपतन? लाजू नका. छोटं ऑपरेशन, कायमचा इलाज.' दर शुक्रवारी नमाज आटोपली की मामू बादली आणि नारळाच्या काथ्याची किशी घेऊन यायचे आणि ते कागद भिजवून खरवडून काढायचे. कंडक्टर विचारायचे, "मामू, भिंतीचं कंत्राट घेतलंत काय?" मामू उत्तर देत नसत. या एका कामात ते बोलत नसत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता लाज सोडून सांगतो. दोन हजार दोन साली त्यातल्या एका कागदावरचा नंबर मी मामू यायच्या आत उतरवून घेतला होता. माझ्या लग्नाला सात महिने झाले होते आणि आमचं प्रकरण सुरू होतंय न होतंय तोच संपायचं. वैशाली काही बोलत नसे. तिच्या गप्प बसण्याचा मी मला हवा तो, म्हणजे वाईटात वाईट अर्थ काढायचो. दुसऱ्यांचे फोन दिवसभर जोडून देणारा मी, घरात दोन वाक्यं बोलायला घाबरत होतो.

नंबर लावला तो माझ्याच बूथवरून. शहाणपण बघा. हातखंब्याच्या एका लॉजवर 'स्पेशालिस्ट' येणार होता. मी काचेच्या आत कुजबुजत होतो, "रविवारी अकरा वाजता. हो, उपाशी पोटी." बाहेर बाकड्यावर मामू पेपर वाचत होते, आणि पेपरचं पान बराच वेळ उलटलेलं नव्हतं.

"उपाशी पोटी कोण बोलावतो ते मला ठाऊक हाय," मी बाहेर आल्याआल्या ते म्हणाले. "काय कापणार हाय तुझं?"

मी उडवून लावायला बघितलं, पण मामूंनी बोटं मोजायला सुरुवात केली होती. "एक, नस कापतात. नस कापली की कळणं कमी, कळणं कमी म्हणजे घाई कमी, असं त्यांचं गणित. उद्या काहीच कळेनासं झालं तर ती नस लॉजवाला आणून देणार काय? दोन, सुईनं जेल भरतात म्हणे. गादी हाय काय ती? तीन, सुंता. अरे, सुंतेनं हे दुखणं जात असतं तर आमच्या मोहल्ल्यात हे कागद कोणी लावलेच नसते. नि मेले तिथंच जास्त लावतात."

मला हसू यायला हवं होतं, पण राग आला. "तुम्हाला काय कळतंय मामू? तुम्ही एकटे राहता," मी बोलून गेलो.

मामूंनी पेपरची नीट घडी घातली.

"माझी नस कापलेली हाय," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांचा होतो. मुंबईत, एका माडीवरच्या खोलीत. त्यानंतर काहीच कळेनासं झालं. बायकोला, जुबेदाला सांगितलं नाय. तिच्यापासून लांब ऱ्हायला लागलो. दोन वर्षं बघितलं तिनं, मग मंडणगडला भावाकडे गेली. ऑपरेशन थिएटरातली नोकरी कशाला धरली ठाऊक हाय? माझं काय कापलं, ते तरी कळावं म्हणून."

हातखंब्याला मी गेलो नाही.

कोल्हापूरहून महिन्यातून एकदा येणाऱ्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांची वेळ मामूंनीच घेतली, आणि वैशालीला बरोबर आणायचं असा हुकूम सोडला. तिला सगळं मी दिवा मालवून सांगितलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून विचारलं. सुरीचं नाव काढू नका, म्हणाले. कापलेली नस परत येत नाही आणि हे दुखणं सुरीवाचून आटोक्यात येतं. गोळ्या दिल्या, काही सवयी सांगितल्या, घाबरू नका म्हणाले. बाहेर मामू कंपाउंडरला ऐकवत होते, "मी काय सांगत होतो?"

जिना उतरताना वैशाली थांबली. "सात महिने मला वाटत होतं, मीच तुम्हाला आवडत नाही," ती म्हणाली. मला इतकी लाज त्या लॉजवाल्याशी बोलतानाही वाटली नव्हती. मागच्या पायरीवर मामू होते. ते काहीतरी सांगत होते, ते वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

आमची गाडी हळूहळू रुळावर आली. मामू मात्र त्या दिवसापासून गप्प झाले. बाजारात गेले नाहीत, कुणाच्या चुका काढल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. मंडणगडचा नंबर होता. "लावून दे," म्हणाले.

मी लावून दिला आणि दार ओढून घेतलं. आमच्या काचा पातळ. मी रेडिओ लावायला उठलो, पण त्याआधीच ऐकू आलं. "जुबेदा, मी अब्बास. ठेवू नको. तुझ्यात काय कमी नव्हतं. मी कापून घेतलं होतं गे, तुला न विचारता." मी रेडिओ लावला.

बाहेर आले तेव्हा साऱ्या गावाला सल्ले देणारा तो माणूस दाराची कडी धरून उभा होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी गेले असते काय? नि ठेवला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता हिला काय सांगू रे?"

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि तोच नंबर पुन्हा फिरवला.