दामूनाना आणि परदेशी श्रम

कुल्फीवाला दिसला की लोक कुल्फीचा भाव विचारतात. दामूनाना त्याचं मूळ गाव विचारत.

"मूळ गाव?"

"प्रतापगढ, यूपी, बाबूजी."

"म्हणजे दूध आमचं, ऊन आमचं, खाणारे आम्ही आणि मजुरी चालली प्रतापगढला!" एवढं बोलून ते कुल्फी घेत. भाषण लांबवलं तर ती वितळते, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

नाना धुळ्याच्या एका शाळेत जन्मभर अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. देवपुरातल्या आमच्या कॉलनीत ते एकटेच राहत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. मी शेजारी, त्यातून सरकारी कारकून. त्यामुळे ऑफिसातून आलो की कुंपणापलीकडून माझा तास सुरू व्हायचा.

"बाहेरचा मजूर आला की मजुरी पडते," नाना बोटांवर मोजत सांगायचे. "मजुरी पडली की आपला माणूस गाव सोडतो. आपला माणूस गेला की जागा रिकामी. जागा रिकामी झाली की बाहेरचा मजूर येतो. कळलं?"

"पण नाना, आपला अर्धा शिंदखेडा तालुका सुरतेला कापडाच्या लूमवर आहे. सुरतेतही कुणीतरी हेच म्हणत असेल की."

"ते वेगळं," नाना शांतपणे म्हणाले. "ती निर्यात."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चोऱ्या वाढल्या म्हणून कॉलनीने गुरखा ठेवायचं ठरवलं आणि एक नेपाळी तरुण येऊन उभा राहिला. बैठकीत नाना तडक उठले. चिडले की त्यांची प्रमाणभाषा सुटून अहिराणी यायची. "प्रतापगढ निदान देशात शे! हाऊ तर परदेशी श्रम. बठ्ठा पैसा देशना बाहेर जाई राह्यना!" त्यांच्या आग्रहाखातर शिंदखेड्याकडचा एक स्थानिक माणूस नेमला. तो अकराव्या दिवशी नानांच्याच पाया पडायला आला. "नाना, मी सुरतले चालनू. तठे जास्ती भेटस."

दुसऱ्या दिवशी नेपाळी तरुण शिट्टीसह रुजू झाला.

सगळे त्याला बहादूर म्हणत. त्याचं खरं नाव नरबहादूर आहे, हे विचारून घेणारे एकटे नानाच. अर्थात माहिती म्हणून. तुमच्याकडे मक्याला भाव काय, नांगरणीला मजुरी किती, शिकलेला माणूस काय करतो, असली चौकशी रोज चाले. त्यातूनच कळलं की नरबहादूरला वाचता येत नाही आणि त्याला आलेली पत्रं तो उशीखाली तशीच ठेवतो.

"आण इकडे," नाना म्हणाले.

नेपाळी लिहितात देवनागरीतच. नानांना सगळं वाचता येई, कळत जवळजवळ काहीच नसे. नरबहादूरला सगळं कळे, वाचता काहीच येत नसे. दोघांत मिळून एक साक्षर माणूस होई. नाना फळ्यापुढे उभे असल्यासारखे खणखणीत आवाजात वाचत. मध्येच नरबहादूर खो खो हसायला लागला की ते चष्म्यावरून बघत. "हंसने का क्या है इसमें?"

"भैंस छत पे चढ गई थी, मास्टरजी."

नाना तीच ओळ पुन्हा वाचत, आणि आता तेही हसत.

एका दुपारी पत्र आलं. मी रजेवर होतो, व्हरांड्यात बसून ऐकत होतो. छोटंच पत्र होतं. नानांनी नेहमीसारखं शब्दन् शब्द तोडून वाचलं. त्यांचं लक्ष अर्थाकडे कधीच नसे, उच्चारांकडे असे. वाचून झालं तरी नरबहादूर हलेना. नानांना वाटलं, पोराला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी आणखी मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "आमा बित्नुभयो."

"समझा?"

"समझ गया, मास्टरजी," नरबहादूर म्हणाला. "माँ नहीं रही."

त्याच संध्याकाळी तो गावी निघाला. एसटीत बसवून द्यायला नाना गेले होते. कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, हा आता कसला परत येतोय, दुसरा बघू. तेव्हा नाना म्हणाले, "बघू नका. मी आहे."

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अडुसष्ट वर्षांचे दामूनाना स्वेटर, मफलर आणि काठी अशा थाटात गेटजवळच्या स्टुलावर बसलेले होते. महिनाभर बसले. खोकला झाला तरी बसले. शिट्टी मात्र त्यांना शेवटपर्यंत नीट वाजवता आली नाही, नुसती हवा जायची.

मी एकदा चिडवलं, "नाना, परदेशी माणसाची नोकरी तुम्ही फुकट राखताय. तुमच्या शास्त्रात हे कुठे बसतं?"

"कुठेच नाही," ते म्हणाले आणि येणाऱ्या स्कूटरवाल्याला कुठल्या घरी जायचंय ते विचारायला उठले.

पाचव्या आठवड्यात नरबहादूर परतला. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले. नानांनी काठी त्याच्या हातात दिली. मग एवढंच विचारलं, "मका कैसा है उधर?"

नाना आणि मी घराकडे चाललो. कुंपणापाशी नाना थांबले. मला वाटलं, आता तास सुरू.

"सिद्धांत बरोबरच आहे माझा," ते म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

"पण त्या दिवशी मी त्याला 'खाली बस' असंसुद्धा म्हणालो नाही हो. उभ्या उभ्या वाचून दाखवलं. आणि तेही दोनदा."