दोना पेर्पेतुआ आणि चाळीस टेट्रा

पाहुणे बाराला यायचे होते, आणि अकराला रोजेनिल्दोने माशांच्या टाकीवर तिसरा दिवा टांगला.

"अहो, मासे दाखवायचेत की भाजायचेत?" बायकोने, नाझारेने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"दोना पेर्पेतुआला नीट दिसायला नकोत?"

रिओ नेग्रो नदीकाठच्या त्या गावात माणूस जन्मतो तोच एका बाजूचा होऊन. टेट्रावाले लाल-निळे, डिस्कसवाले पिवळे-काळे. नावं आणि रंग नदीतल्या माशांवरून: टेट्रा बोटभर लांबीचा, लाल-निळ्या रेघेचा; डिस्कस मोठा, गोल, चपटा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. एरवी सगळे एकाच नदीत मासे धरतात, पण वार्षिक उत्सवात दोन्ही बाजूंच्या नाचांची झुंज लागते आणि सख्खे शेजारी आठवडाभर बोलत नाहीत. रोजेनिल्दोची मुलगी जुसारा सहाव्या वर्षापासून टेट्रावाल्यांच्या पहिल्या रांगेत नाचत आलेली. आणि प्रेमात पडली ती एदिव्हानच्या. त्याची आई दोना पेर्पेतुआ म्हणजे डिस्कसवाल्यांची अध्यक्ष!

लग्नाला कुणाची ना नव्हती. लग्नानंतर जोडी कुणाकडून नाचणार, एवढ्यावरच बोलणी अडली. तेव्हा रोजेनिल्दो तावातावाने बोलून बसला, "माझ्या घरचे चाळीस टेट्रा पलटणीसारखे रांगेत चालतात. तुमचा डिस्कस म्हणजे नुसतं उभं केलेलं ताट!"

"रविवारी जेवायला येते," बाई शांतपणे म्हणाल्या. "रांग दिसली तर पोरगा तुमच्याकडून नाचेल. नाही दिसली तर पोरगी पिवळ्या झग्यात, आमच्याकडून."

तेव्हापासून जुसाराला अन्न गोड लागत नव्हतं.

रोजेनिल्दोने तीस वर्षं टेट्रा धरले होते, पण ते नदीत. तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं, वर झाडांची गर्द सावली. टाकीतही त्याने तेच पाणी ठेवलं होतं आणि मासे मजेत होते. पण विहीणबाईंपुढे असलं गढूळ दिसणारं पाणी ठेवायची त्याला लाज वाटली. त्याने पावसाचं स्वच्छ पाणी भरलं, तळाचा पालापाचोळा फेकून पांढरी वाळू पसरली आणि दिवा लावला. मासे फिके पडले. दुसरा दिवा लावला, तर ओंडक्याखाली जाऊन बसले. म्हणून हा तिसरा. उन्हाची तिरीप काचेवर चमकू नये म्हणून खिडक्याही त्याने घट्ट लावून घेतल्या.

"नदीत कुणी दिवा टांगला होता का?" नाझारे म्हणाली.

"तू जेवणातल्या तांबाकी माशाला मीठ लाव. माशांचं मी बघतो."

त्याने वल्हं आणलं. नदीत वल्ह्याने हाकलूनच टेट्रा जाळ्यात घेतात. पण हे मासे एकदा त्या वल्ह्याने फसलेले होते. वल्हं दिसताच बाहेर राहिलेले दोघेही ओंडक्याखाली घुसले.

तेवढ्यात पाहुणे आले. दोना पेर्पेतुआ चांगल्या ऐसपैस बाई, त्यात अंगात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा झगा. त्यांनी टाकीत डोकावून बघितलं.

"वाळू छान आहे. पलटण कुठाय? रजेवर?"

"उजेड जरा कमी पडतोय," असं म्हणत रोजेनिल्दोने चौथा दिवा लावला.

फट्! फ्यूज उडाला. दिवे गेले, पंखा थांबला, खोलीत अंधार झाला. फळ्यांच्या भिंतीच्या एका फटीतून उन्हाची बारीक रेघ तेवढी टाकीवर पडली होती.

"मी खिडकी उघडते," नाझारे उठली.

"नको, मावशी, थांबा!" एदिव्हान कुजबुजला.

ओंडक्याखालून एक निळी रेघ बाहेर आली. मग दुसरी. मग सगळीच टाकी निळ्या-लाल रेघांनी पेटली. तीस वर्षं ज्यांना टोपलीच्या हिशेबाने विकलं, ते मासे इतके देखणे असतात हे रोजेनिल्दोला त्या दिवशी कळलं.

"सुंदर आहेत," पेर्पेतुआ म्हणाल्या. रोजेनिल्दोची छाती फुगली. "पण रांग कुठाय? हे तर चर्च सुटल्यासारखे, जो तो आपल्या वाटेने."

खरंच होतं. भीती गेली तशी पलटणही विस्कटली होती. जुसाराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमचा शब्द होता, रोजेनिल्दो," असं म्हणत बाई जवळून बघायला काचेशी वाकल्या.

पिवळे-काळे पट्टे काचेवर आले मात्र, चाळीसच्या चाळीस मासे झटकन एकत्र झाले, एकदम वळले आणि रांगेत पलीकडे निघाले. बाई बिचकून डावीकडे सरकल्या. रांग उजवीकडे गेली.

"बाबा, रांग!" जुसारा ओरडली.

"ताई, आता जरा उजवीकडून या ना," नाझारे अदबीने म्हणाली.

एदिव्हानला हसू आवरेना. पेर्पेतुआंनी स्वतःच आणखी दोन फेऱ्या मारून खात्री करून घेतली आणि खुर्चीत बसल्या. "नेला तुम्ही माझा पोरगा. वाढा आता."

रोजेनिल्दो तेवढ्यावर थांबता तर! दुसऱ्याच दिवशी त्याने टेट्रावाल्यांच्या बैठकीत सांगून टाकलं की यंदा टाकी उत्सवातल्या आपल्या रथावर, पलटणीसकट. घरी येऊन वल्हं, टोपी, मांजर, सगळं दाखवून झालं. मासे एकतर लपत किंवा हुंगत फिरत. शेवटी तो पेर्पेतुआंच्या दारात हात जोडून उभा राहिला.

"येईन," बाई म्हणाल्या. "पण माझ्याच झग्यात."

उत्सवात टेट्रावाल्यांचा रथ निघाला. सगळ्या मैदानात तेवढाच एक बिनदिव्यांचा. पुढे लाल-निळ्यात जुसारा आणि एदिव्हान नाचत होते, आणि रथावर पिवळ्या-काळ्या दोना पेर्पेतुआ टाकीभोवती डौलात फेऱ्या घालत होत्या. मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय म्हणतायत गं लोक?" रोजेनिल्दोने हरखून विचारलं.

"म्हणतायत," नाझारे म्हणाली, "टेट्रावाल्यांनी यंदा डिस्कस फार झकास केला."