आतलं पुरळ

"यापुढे या देशाशी मी त्याच्याच भाषेत बोलणार!" अशी घोषणा शिरीष कर्णिकांनी निवृत्त झाल्या झाल्या केली, आणि खरं सांगायचं तर पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

शिरीषरावांची सगळी नोकरी डच मुलखात, आइंडहोवनला, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात गेली. तिथे सगळं इंग्रजीत. त्यामुळे इतकी वर्षं शेजारच्या न्यूनेन गावात राहूनही त्यांचं डच 'सुप्रभात' आणि 'पिशवी नको'च्या पुढे कधी सरकलं नव्हतं. आता मोकळा वेळ होता. त्यांनी लायब्ररीतल्या भाषावर्गात नाव घातलं, शब्द पाठ केले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांना वाटायला लागलं की आपल्याला डच येतं.

डच माणसाची एक खोड आहे. समोरच्याच्या बोलण्याला जरा परका वास आला, की तो झटकन इंग्रजीत शिरतो. पण शिरीषराव सोडतात थोडेच! "नेदरलांड्स, आल्स्टुब्लीफ्ट!" म्हणजे "डचमध्ये बोला, प्लीज!" असं ते छाती काढून सांगत. या हट्टापायी त्यांना एकदा अर्ध्या पावाऐवजी दोन पाव मिळाले. ते त्यांनी निमूटपणे खाल्ले.

सुनेत्राबाईंचं धोरण वेगळं होतं. अर्धं डच, अर्धं इंग्रजी आणि उरलेले हातवारे यांवर त्यांचा बाजार बिनबोभाट चाले.

"अगं, तुझ्या वाक्यात क्रियापद कुठे असतं?" शिरीषराव विचारत.

"भाजी आली ना घरी?" त्या म्हणत. विषय संपला!

त्या वसंतात शिरीषरावांची विजार सैल व्हायला लागली. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मधूनच पोटात दुखे. घरच्या डॉक्टरांनी, म्हणजे इथल्या भाषेत हाउसआर्ट्सने, रक्त तपासायला सांगितलं आणि पोटाची सोनोग्राफीही करून घ्या म्हणाले. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सुनेत्राबाईंचे वडील पोटाच्याच दुखण्याने गेले होते, आणि त्या आजारपणात बाईंनी जे पाहिलं होतं त्याबद्दल त्या आजवर एक शब्द बोललेल्या नव्हत्या. म्हणून शिरीषराव "लायब्ररीत जातो" सांगून हॉस्पिटलात जाऊन आले.

फोन आला तेव्हा ते मागच्या बागेत होते. पलीकडे दवाखान्यातली सहायिका. तिने बिचारीने इंग्रजीतच सुरुवात केली होती!

"नेदरलांड्स, आल्स्टुब्लीफ्ट!" शिरीषराव म्हणाले.

"बरं," असं म्हणून ती डचमध्ये बोलली, "द आउटस्लाख इज बिनन, मनेर. एर इज नीट्स आन द हांट."

शिरीषरावांच्या हातातली झारी खाली आली.

आता 'आउटस्लाख' हा शब्द त्यांना पक्का ठाऊक होता. मागच्या उन्हाळ्यात बागेतल्या कुठल्याशा झुडपाने त्यांच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं होतं, आणि औषधाच्या दुकानातल्या बाईंनी ते बघून "आउटस्लाख!" असं म्हणून मलम दिलं होतं. अंगावर उठलेला शब्द माणूस विसरत नाही. 'बिनन' म्हणजे आत. 'हांट' म्हणजे हात. त्यांनी भराभर वाक्य जुळवलं. पुरळ आत आहे. हातावर काही नाही!

"आत?" त्यांनी कसंबसं विचारलं. "मग आता मी काय करायचं?"

"आता? काहीच नाही. तुम्हाला आता काहीही करायची गरज नाही."

हे वाक्य मात्र त्यांना शब्दन् शब्द बरोबर कळलं. काही करण्यासारखं उरलेलं नाही.

"आम्ही... आम्ही सगळे सुट्टीला जाणार आहोत. समुद्रावर."

"अरे वा! जा की!" पोरीचा आवाज किती मऊ झाला! "मजा करा अगदी!"

इतक्या हळुवारपणे आजवर या देशात त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. ते बागेतल्या खुर्चीवर बसले. शेजाऱ्यांच्या घरातून व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज येत होता. आपण नसलो तरी हा आवाज असाच येणार, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना फार एकटं वाटलं. मग त्यांनी फोनवर 'शरीराच्या आत पुरळ' असं इंग्रजीत शोधलं. आंतरजालावर जे सापडायचं ते सापडलं. पहिलं पान वाचून त्यांनी फोन उलटा ठेवला. मूळ शब्द शोधायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. ज्याचा अर्थ येतो तो शब्द कशाला शोधायचा!

रडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, सुट्टी मोडायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं. आणि आपल्यामागे सुनेत्राचं काही अडता कामा नये. ते इंजिनिअर होते. दुःख झालं तरी त्याचं नियोजन करायची त्यांना सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्राबाई पोहे परतत होत्या, तोच शिरीषराव हातात एक छोटी किल्ली घेऊन उभे!

"हे बघ, हिवाळ्यात खोलीतला रेडिएटर नीट तापला नाही, की या किल्लीने त्यातली हवा सोडायची. ये, दाखवतो."

"आत्ता? मे महिना चाललाय! आणि तुम्ही आहात ना सोडायला हवा."

शिरीषरावांनी खिडकीबाहेर बघितलं. "माहीत असलेलं बरं," ते म्हणाले. मग पोहे खाल्ले आणि म्हणाले, "सुनेत्रा, तुझ्या पोह्यांना तोड नाही."

सुनेत्राबाईंच्या हातातला झारा थांबला. लग्नापासून आजतागायत या पोह्यांत मीठ तरी कमी असे नाही तर मिरची तरी जास्त!

मग रोज एक धडा. कचऱ्याचा हिरवा डबा कधी बाहेर काढायचा आणि करडा कधी. मीटरच्या कपाटातला कुठला खटका कुठल्या खोलीचा. सरकारी कामांना लागणाऱ्या डिजिडीचा पासवर्ड तर त्यांनी बायकोकडून कविता पाठ करून घ्यावी तसा म्हणवून घेतला. मध्येच ते तिच्याकडे बघत बसत.

"काय बघताय?"

"काही नाही. तुझी ही साडी छान आहे."

"हा गाऊन आहे!"

तरीही बाई गप्प राहिल्या असत्या. पण तेवढ्यात जवळच्या बेस्ट गावाहून अरुण साठ्यांचा फोन आला. अरुणराव म्हणजे शिरीषरावांचे जुने सहकारी, सायकलवरचे सोबती.

"वहिनी, शिरीष काल येऊन आपली इलेक्ट्रिक सायकल मला देऊन गेला. 'आता मला लागणार नाही' म्हणाला. मिठीबिठी मारली! कायमचा भारतात निघालाय का हो?"

सुनेत्राबाईंनी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. एकेक गोष्ट जुळायला लागली. रेडिएटर. डबे. पासवर्ड. 'म्हातारपण साताऱ्यात काढायचं' असं ते पूर्वी म्हणत, तेव्हा त्यांनीच ठाम नकार दिला होता. नातीला सोडून कुठे जायचं? म्हणजे हे आता एकटेच निघाले! आणि जाताना बायको इथे नीट राहावी म्हणून तिला तयार करताहेत. त्यांनी मुलाला, प्रणवला, फोन लावला.

प्रणव अॅमस्टरडॅमला बुइटनव्हेल्डर्ट भागात राहायचा. तो ऑफिसातून जिन्यात येऊन कुजबुजला, "आई, घटस्फोट? या वयात?"

"घटस्फोट नाही रे. नुसतं सोडून चाललेत," असं म्हणून त्या रडायला लागल्या.

प्रणवची बायको अपूर्वा शांत डोक्याची. ती म्हणाली, "सुट्टीला जाणारच आहोत ना सगळे? तिथे समोरासमोर बोलू."

देशाच्या दक्षिण टोकाला, झीलंड प्रांतात, समुद्राच्या बांधाला लागून एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. वारा असा, की वाळत घातलेला टॉवेल बेल्जियमपर्यंत गेला असता! पण त्या घरात एखाद्या सुतकासारखी शांतता होती. जो तो शिरीषरावांशी जपून बोलत होता, आणि शिरीषराव सगळ्यांकडे डोळे भरून बघत होते. नातीला त्यांनी इतक्या वेळा पोटाशी धरलं, की शेवटी ती "आबा, लाट माय लोस!" म्हणजे "सोडा मला!" असं डचमध्ये ओरडून टीव्हीच्या खोलीत पळाली.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर प्रणवने घसा साफ केला.

"बाबा, आम्हाला सगळं कळलंय."

शिरीषरावांनी मान खाली घातली. "कुणी सांगितलं?"

"आईच्या लक्षात आलं. किती दिवस लपवणार होतात?"

"जमेल तितके. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास नको म्हणून?" प्रणवचा आवाज चढला. "कधी जायचं ठरवलंय?"

"अरे, ते काय माझ्या हातात आहे?"

"मग कुणाच्या हातात आहे?"

शिरीषरावांनी बोट वर केलं. प्रणवने छताकडे पाहिलं.

"आईला एकटीला टाकून जाताना काहीच वाटत नाही तुम्हाला?"

"वाटत नाही? मला काय हौस आहे का जायची?"

"मग जाऊ नका ना, बाबा!" अपूर्वा कळवळून म्हणाली.

"अगं, नाही म्हणून कसं चालेल? एकदा बोलावणं आलं की जावंच लागतं."

"आणि तिथे तुमच्या खाण्यापिण्याचं कोण बघणार?" सुनेत्राबाईंना राहवेना. "साधा चहा येत नाही करता!"

शिरीषरावांनी गंभीरपणे विचार केला. "तिथे भूक लागत नसावी," ते म्हणाले.

"साताऱ्यात?"

"साताऱ्याचं काय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग शिरीषरावांनीच सगळं सांगितलं. लायब्ररीच्या नावाखाली केलेली सोनोग्राफी, तो फोन, आणि पोटात आतून उठलेलं ते पुरळ, ज्यावर काहीही उपाय नाही.

सुनेत्राबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

प्रणव मात्र कपाळाला आठ्या घालून बसला होता. "बाबा, ती नेमकं काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांगा."

शिरीषरावांना ते शब्द काही विसरता आलेले नव्हते. "द आउटस्लाख इज बिनन. एर इज नीट्स आन द हांट."

प्रणवने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. मुलगा रडतोय हे बघून सुनेत्राबाईंचाही बांध फुटला. पण हात बाजूला झाले तेव्हा तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"बाबा... आउटस्लाख म्हणजे पुरळ, बरोबर. पण रिझल्टलाही आउटस्लाखच म्हणतात! रिझल्ट आलाय, एवढंच म्हणाली ती. आणि 'हातावर काही नाही' नव्हे हो! 'नीट्स आन द हांट' म्हणजे काळजीचं काहीही कारण नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात!"

शिरीषरावांचा विश्वास बसेना. तेव्हा सुनेत्राबाईंनी पदराने डोळे पुसले आणि डिजिडीचा पासवर्ड धडाधड म्हणून दाखवला. तो टाकून प्रणवने फोनवर हॉस्पिटलचा रिपोर्ट उघडला. पोटात काहीही सापडलेलं नव्हतं. विजार सैल झाली ती बहुधा कारखान्याच्या कॅन्टीनमधलं रोजचं तळलेलं सुटल्यापासून वजन हळूहळू उतरत आल्यामुळे! अपूर्वाही हसायला लागली. शिरीषराव आधी कसनुसे हसले, मग जीव सुटल्यासारखे हसले.

हसल्या नाहीत त्या एकट्या सुनेत्राबाई. त्यांनी शाल घेतली आणि दार उघडून बाहेर पडल्या.

त्या बांधावर उभ्या होत्या. सूर्य अजून बुडायचा होता. शिरीषराव मागून आले, पण काय बोलावं ते त्यांना कुठल्याच भाषेत सुचेना.

"मला वाटलं तुला त्रास नको," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या वडिलांच्या वेळी..."

"बाबांनीही सांगितलं नव्हतं," त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या. "आईला वाटायचं, ॲसिडिटी आहे. कळलं तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. ती जन्मभर म्हणायची, मला सांगितलं असतं तर दोन शब्द बोलले तरी असते त्यांच्याशी." त्यांचा आवाज फुटला. "आणि तुम्ही मला रेडिएटर शिकवत बसलात!"

शिरीषरावांना आतापर्यंत फक्त मरणाची भीती वाटली होती. आपण हिच्यापासून काय हिरावून घेत होतो, ते त्यांना आत्ता कळलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पुन्हा काही झालं, तर आधी तुला सांगेन."

"लगेच?"

"लगेच."

"शपथ नको. नुसतं करा."

दोघं वाऱ्यात उभी राहिली. थंडी वाजायला लागली तशी सुनेत्राबाईंनी शालीचं एक टोक शिरीषरावांच्या खांद्यावर टाकलं.

सकाळी शिरीषरावांना जाग आली ती नाकाखाली काहीतरी हुळहुळल्यामुळे. डोळे किलकिले करून पाहिलं, तर सुनेत्राबाईंचं बोट! श्वास चालू आहे का, ते त्या बघत होत्या.

शिरीषरावांनी डोळे मिटूनच घेतले, आणि तिला नीट कळावा म्हणून एक लांब, खणखणीत श्वास सोडला. मग आणखी एक.

बोट बाजूला झालं.

"जागे आहात ना?"

"हो."

"मग म्हशीसारखे काय फुसफुसताय? पोरगी उठेल! जा, चहा टाका."