अकरा वेळा वाचलेले पुस्तक

लेखक आपल्याच पुस्तकाचा वाचक शोधायला निघतो आणि त्याचा शोध स्वतःच्या अंगणात येऊन संपतो, या गोष्टीची बुलढाणा जिल्ह्यात निदान तीन रूपे सांगितली जातात. देऊळघाटच्या रूपात नायक शाळेतला गुरुजी आहे आणि त्याच्या नावावर कवितांची एक वही आहे. सोनाळ्याकडे लेखकाच्या जागी पोथी सांगणारे एक बुवा येतात आणि वाचनालयाच्या जागी मारुतीचे देऊळ. चिखलीचे रूप सर्वांत लांब आहे, आणि आम्ही तेच मूळ मानतो. त्याचे कारण एवढेच की त्यात पुरुषाची फजिती सर्वांत अधिक आहे. गोष्ट गावोगाव फिरू लागली की सांगणारे पुरुष पहिल्यांदा गाळतात ती फजितीच. पुढे दिले आहे ते चिखलीचे रूप.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. भालचंद्रराव चिखलीच्या एका कचेरीत नक्कलनवीस होते. जुन्या दस्तऐवजांच्या हुबेहूब प्रती सुवाच्य अक्षरात उतरवायच्या, शेवटी 'अस्सलबरहुकूम नक्कल' असे लिहून सही करायची, हे त्यांचे काम. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये काना-मात्रेचाही फरक न करता लिहिणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःची वाक्ये लिहावीशी वाटली, यात अस्वाभाविक काही नाही. त्यांनी 'पळसवनाची पाहुणी' ही तीनशे बारा पानांची प्रेमकादंबरी लिहिली. ती छापून आली, तेव्हा एक प्रत गावच्या वाचनालयाला भेट दिली, आणि मग ते वाचकाची वाट पाहू लागले. (कादंबरीची नायिका चंद्रलेखा हीदेखील पहिली एकोणीस पाने पळसाखाली उभी राहून वाटच पाहते. पण ती निदान तरुण होती.)

दोन वर्षे होत आली. पुस्तक कोणी नेले नाही. आता त्या वाचनालयाचा नियम असा की दोन वर्षांत एकदाही घरी न गेलेले पुस्तक कपाटातून काढून लोखंडी पेटीत टाकायचे. पेटीवर ग्रंथपाल मोतीराम दुपारी आडवे होत, म्हणून तिच्यात गेलेले पुस्तक सहसा परत वर येत नसे. नियमाची मुदत भरायला चार दिवस उरले, तेव्हा भालचंद्ररावांनी एक लहानसा निर्णय घेतला. बायकोच्या नावाने वर्गणी भरली आणि तिच्या नावावर आपलीच कादंबरी घरी नेली. घरी म्हणजे कचेरीच्या खणात. पंधरा दिवसांनी परत केली.

एवढ्यावर ते थांबते तर ही कथा झाली नसती. परंतु देवघेवीच्या वहीत आपल्या पुस्तकाच्या नावापुढे पडलेली ती एकुलती नोंद त्यांनी पाहिली, आणि तिला सोबत असावी असे त्यांना वाटले. मग दुसरी नोंद झाली. मग तिसरी. वर्ष संपेतो अकरा झाल्या.

होळी होऊन गेली. पळस फुलून गावाबाहेरची टेकडी पेटल्यासारखी दिसू लागली आणि गावात घरोघर वाळवणे सुरू झाली. अशा एका सकाळी भालचंद्ररावांच्या अंगणात कुरड्यांचा घाट होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजून तयार होता, खाटेवर धोतर पसरले होते, वासंतीबाई साच्यातून कुरड्या पाडत होत्या आणि शेजारची भाजीवाली जनकाबाई दोन-तीन बायांसह हाताला हात लावीत होती. तेवढ्यात मोतीराम आले.

"वैनी, मोठी आनंदाची गोष्ट आहे जी!"

"बसा भाऊजी. काय झालं?"

"साऱ्या वाचनालयात पहिला नंबर तुमचा! एकच पुस्तक अकरा खेप नेलं तुमी. इतकं तं कोनी पोथीही वाचत नाही."

"मी?" वासंतीबाईंचा हात साच्यावर थांबला. "कोणतं पुस्तक?"

"घ्या! घरचंच तं पुस्तक. सायबांचं."

दारात भालचंद्रराव उभे होते. त्यांना एक जन्मजात खोड होती: खोटे उघडे पडू लागले की कान लाल होत. वासंतीबाईंनी नवऱ्याच्या कानांकडे पाहिले. क्षणभरच पाहिले. मग साच्याचा दांडा फिरवत त्या म्हणाल्या, "हाव. वाचलं खरं."

"आता नियम असा आहे जी," मोतीरामांनी खिशातून कागद काढला, "का वर्षभरात सगळ्यात जास्त नेलेल्या पुस्तकाच्या लेखकाले पाडव्याच्या दिवशी शाल-नारळ. अन् ज्यानं ते सगळ्यात जास्त खेप नेलं, त्यानं उभं राहून सभेले त्याची गोष्ट सांगाची. तोंडपाठ. पुस्तक हातात न घेता."

या प्रथेचा भालचंद्ररावांना विसर पडला होता, आणि तो क्षम्य आहे. गेली सात वर्षे ते पुस्तक सर्वांत जास्त वेळा नेणारे गृहस्थ वाचनालयाचे अध्यक्ष रंगराव हेच होते. त्यामुळे ते पाडव्याला जी गोष्ट सांगत ती अध्यक्षीय भाषण आहे, असाच सर्वांचा समज झाला होता. या वर्षी रंगरावांच्या आवडीची रहस्यकथा देऊळघाटच्या एका सभासदाने आठ महिने परत केली नाही, म्हणून पहिला क्रमांक मोकळा राहिला.

मोतीराम गेले. जनकाबाईने बायांना खूण केली आणि त्या सगळ्या एकदम दुसऱ्या खाटेकडे वळल्या. (कान मात्र इकडेच होते.)

"मी अकरा वेळा वाचलं?" वासंतीबाईंनी हळूच विचारले.

"अगं, बारा. एका खेपेची नोंद राहिली."

"अहो, लग्नानंतर मी तुमच्या वहीतली पंचवीस पानं वाचली होती. ती पोरगी झाडाखाली उभी होती. माझा दोन वेळचा स्वयंपाक झाला तरी ती तिथेच. मग मी म्हटलं, उभी राहू दे तिला."

"तू मला सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

हे खरे होते. गेली सहा वर्षे ते घाबरून विचारीत नव्हते. आता प्रश्न आठ दिवसांचा होता. सभेत वासंतीबाई गप्प राहिल्या असत्या तर अकराही नोंदी कोणाच्या हे गावाला कळले असते, आणि भालचंद्ररावांना कचेरीत, बाजारात, एसटीच्या फाट्यावर कुठे तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी कादंबरी बायकोपुढे धरली. तिने चिकाने माखलेले दोन्ही हात वर करून दाखवले.

"वाचा तुम्ही. मी ऐकते. अन् एका हातानं साचा फिरवा."

याप्रमाणे 'पळसवनाची पाहुणी' या कादंबरीचे पहिले जाहीर वाचन कुरड्यांच्या खाटेपाशी सुरू झाले. पहिल्या दिवशी चंद्रलेखा भर दुपारी पळसाच्या 'शीतल, घनदाट छायेत' उभी राहिली, आणि तिथेच जनकाबाईने हात उचलला.

"सायेब, थांबा जी. महिना कोनता?"

"फाल्गुन."

"फाल्गुनात पयसाले पान रायते काय? नुसते फुलं. सावली कुठून आनली तुमी?"

भालचंद्ररावांनी पुस्तकात पाहिले, मग टेकडीकडे पाहिले. सहा वसंत त्यांनी ती टेकडी कचेरीच्या खिडकीतून पाहिली होती. तिच्यावर एकही पान नव्हते.

"अन् थे पोरगी एकोनीस पानं उन्हात उभी!" दुसरी बाई हळहळली. "हिले माय नाही काय वं? कोनी हाक नाही मारत हिले?"

दुसऱ्या दिवशी नायक राजशेखर झाडाच्या ढोलीत पत्र ठेवून निघून गेला. "पोस्टात काऊन नाही टाकलं?" हा प्रश्न आला. तिसऱ्या दिवशी पत्रे येईनाशी झाली, चंद्रलेखा अंथरुणाला खिळली, आणि पुढची दोनशे पाने ती खंगत जाऊन शेवटी तापाने वारते, हे भालचंद्ररावांनी काहीशा अभिमानाने आगाऊ सांगून टाकले.

"मारता तिले?" जनकाबाई म्हणाली. "धडधाकट पोरगी! तिनं जाऊन पाहावं न त्याच्या घरी, काय झालं त्याले ते."

"एकटी कशी जाईल?" लेखक म्हणाले.

"एसटीत बसून."

येथे चिखलीच्या रूपाचा खरा विशेष आहे. देऊळघाटला गुरुजी रागावून वही मिटतात, सोनाळ्याचे बुवा शाप देतात. भालचंद्ररावांनी विचारले, "मग?"

पाचव्या दिवसापासून पुस्तक मिटलेलेच राहिले. बायका बोलत होत्या, वासंतीबाई मधूनच एखादा धागा तोडत, एखादा जोडत. भालचंद्रराव दोन्ही हातांनी साचा फिरवत होते आणि आपली नायिका कोणत्या गावाला उतरली, कोणाच्या दारात गेली, हे जीव मुठीत धरून ऐकत होते. सहाव्या दिवशी ते कचेरीतून अर्धा तास आधी निघाले. सातव्या दिवशी कुरड्या संपल्या आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली.

"पुढे काय होतं गं?" त्यांनी जेवताना विचारले.

"उद्या सभेत ऐका."

पाडव्याच्या दिवशी ऊन कलल्यावर वाचनालयासमोर सभा भरली. गुढीच्या पायाशी कादंबरी ठेवली होती. गाठी आणि कडुनिंब वाटून झाला. रंगरावांनी लेखकाला शाल-नारळ दिला, आणि मग वासंतीबाई उभ्या राहिल्या. भालचंद्ररावांनी नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"एक मुलगी पळसाखाली उभी होती," त्या म्हणाल्या. "थोड्या वेळानं तिला ऊन लागलं. म्हणून ती घरी गेली."

सभा हसली आणि सावरून बसली. घरी जाऊन त्या मुलीने एका टोपलीत कुरड्या भरल्या आणि एसटीत बसून ती त्या पोराच्या गावी गेली. कुरड्या विकणारी म्हणून त्याच्याच घरात शिरली. तीन दिवस या ना त्या निमित्ताने ती त्या स्वयंपाकघरात बसली आणि पाहत राहिली: घरात आधी कोण जेवते, पाण्याचा माठ कोण भरते, म्हातारी आजारी पडली की तिच्या उशाशी कोण बसते. पोरगा तिला ओळखत होता, पण आईसमोर म्हणाला, "मी हिला कधी पाहिलं नाही."

"आणि तेव्हा त्याचे कान लाल झाले," वासंतीबाई म्हणाल्या. "मुलीनं विचार केला, हा घाबरट आहे. पळपुटाही आहे. पण खोटं बोलणं याच्या कानांना जमत नाही. असा माणूस सांभाळता येतो. मग तिनं टोपली खाली ठेवली."

गोष्ट संपली. टाळ्या थांबेनात. ही गोष्ट पुस्तकातली नाही हे, अंगणातल्या बायका सोडल्या तर, सभेत एकाही माणसाच्या ध्यानात आले नाही, कारण पुस्तक कोणीच वाचले नव्हते. ज्याने वाचले होते त्याला बोलण्याची सोय नव्हती. भालचंद्रराव शालीत डोके खुपसून बसले होते. लोकांना वाटले, भरून आले.

त्या संध्याकाळी पुस्तकासाठी अठरा जणांनी नावे लिहिली. महिन्याभरात पहिले पाच वाचक वाचनालयात तक्रार घेऊन आले, आणि मोतीराम ती घेऊन भालचंद्ररावांकडे.

"सायेब, हे ते पुस्तक नव्हे जी. याच्यात थे बाई मरते. वैनीनं सांगितलं त्यात तं एसटीत बसते."

भालचंद्ररावांनी तोंड उघडले, पण रंगरावांनी निकाल आधीच दिला होता. त्यांच्या मते ही उघड उघड छापखान्याची चूक होती. दुसऱ्या कोण्या लेखकाची पाने घुसडली असणार. कार्यकारी मंडळाने ठराव केला की लेखक स्वतः नक्कलनवीस आहेत, तरी त्यांनी पत्नीकडून ऐकून मूळ कथेची शुद्ध प्रत करून द्यावी.

वैशाखात वासंतीबाई बोलल्या आणि भालचंद्ररावांनी लिहिले. लिहिताना त्यांनी दोन ठिकाणी आपली विशेषणे घालून पाहिली. वासंतीबाईंनी ती काढायला लावली. शेवटच्या ओळीखाली त्यांचा हात सवयीने पुढे गेला: 'अस्सलबरहुकूम नक्कल.' सही. वही वाचनालयात दाखल झाली, तिच्यावर क्रमांक पडला, आणि छापील कादंबरी पेटीत गेली. मोतीराम तिच्यावर दुपारी आडवे होऊ लागले.

पुढच्या पाडव्याला वर्षभराची नोंद वाचून दाखवण्यात आली. सर्वांत जास्त घरी गेलेले पुस्तक: ती वही. शाल-नारळ वासंतीबाईंना. वही सर्वांत जास्त वेळा नेणारा सभासद: भालचंद्रराव, नऊ खेपा, या वेळी स्वतःच्याच नावावर.

ते उभे राहिले. मुलगी पळसाखाली उभी राहिली, तिला ऊन लागले, ती घरी गेली, एसटीत बसली, इथवर त्यांनी न अडखळता सांगितले. मग पोरगा आईसमोर म्हणाला, "मी हिला कधी पाहिलं नाही." तिथे भालचंद्रराव थांबले.

"पाहा वं माय," बायकांच्या बाजूने जनकाबाई म्हणाली, "पाहा, पाहा!"

सगळी सभा त्यांच्या कानांकडे पाहत होती. भालचंद्ररावांनी टोपी दोन्ही हातांनी कानांपर्यंत खाली ओढली आणि पुढची गोष्ट सांगितली.