चूलबंद लस

वना आबा मधल्या खोलीतल्या कापसाच्या ढिगावर पाठ टेकून बर्फ पाहत होते. भाव वाढेल म्हणून कापूस दिवाळीपासून घरातच पडून होता आणि भाव काही वाढत नव्हता, पण आबांची त्याबद्दल तक्रार नव्हती. दुपारी जेवण झालं की ते त्या ढिगात शिरायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि थेट हिमाचलात पोचायचे. तिथे सगळीकडे पांढरं असायचं आणि कोणी कोणाला हाक मारायचं नाही.

"उठा, योगराज उना," भिकुबाईने दारातून हाक मारली. "आनि अंगवरना बर्फ झटकी ल्या."

योगराज म्हणजे गावच्या शेतकरी गटाचा अध्यक्ष. या गटाने सफरचंदाच्या बागा पाहायला हिमाचलात जायचं ठरवलं होतं. पारोळा तालुक्यातल्या कापूसवाल्यांना सफरचंदाशी काय करायचं आहे, हे कोणी विचारलं नाही. बाहेर बोलताना सगळे त्याला अभ्यासदौरा म्हणत आणि आपसात बोलताना नुसतं "बर्फ" म्हणत. आठ जण जाणार होते. त्यात आबांनी दोन नावं दिली होती, स्वतःचं आणि भिकुबाईचं.

भिकुबाई अजून हो म्हणाली नव्हती. कोणी विचारलं की "देखसू" एवढंच म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची. सासर ते माहेर आणि एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला धुळे, एवढाच तिचा प्रवास. तिने खिडकीशी बसावं, आपण तिच्या शेजारी बसावं आणि बाहेर बर्फ पडावा, एवढीच आबांची इच्छा होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. आपल्याकडे त्या वयाचा माणूस बायकोबद्दल असं काही बोलला, तर लोक आधी कपाळाला हात लावून ताप आहे का बघतात.

"आबा," योगराज खाटेवर टेकत म्हणाला, "पारोळाना डॉक्टर सांगस, निंघाना पह्यले बठ्ठास्ले फ्लूनी लस लेनी पडी. बंद गाडीमा एक खोकलना का बठ्ठी गाडी खोकलस. मी ते सांगी देस, लस नही त गाडी नही. तिना गुण याले दोन आठवडा लागतस, म्हनीसन सकायच लेनी शे. आपला आठ जनस्ले तेवढा निरोप दी द्या."

"देस ना," आबा म्हणाले. त्यांच्या कानात अजून बर्फ होता.

निरोप देणं हे गावात आबांचंच काम. लग्न असो, बारसं असो की तेरावं, आवतन आबांच्या तोंडूनच जायचं. आवतन दोन प्रकारचं असतं. "घरटी एक" म्हटलं की घरातल्या एकाने यायचं. "चूलबंद" म्हटलं की अख्ख्या घराने यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, पाव्हण्यारावळ्यांसकट जेवायला जायचं. आणि दोन्ही प्रकारांत एक नियम कडक, मधलं दार सोडायचं नाही. चुकलेल्या दाराचा रुसवा नातवंडांपर्यंत पुरतो.

संध्याकाळी आबा निघाले. पहिलं घर दौऱ्यातल्या माणसाचं होतं. तिथे त्यांनी सगळं नीट सांगितलं. दुसऱ्या घराच्या ओट्यावर सुकलाल नाना बसले होते. नाना दौऱ्यात नव्हते. पण त्यांच्या दारावरून मुकाट्याने पुढे जाणं आबांच्या पायांना जमण्यासारखं नव्हतं.

"काय आबा, कोनं आवतन?"

"सकाय. पारोळाले, डॉक्टरना दवाखानामा."

"घरटी एक का चूलबंद?"

नेमकं त्याच वेळी आबांच्या डोळ्यांपुढे भिकुबाईच्या डोक्यावरच्या पदरावर बर्फाची पहिली भुरभुर पडत होती आणि ती ते झटकायचं विसरून नुसती वर बघत होती.

"चूलबंद," आबांच्या तोंडाने सांगून टाकलं.

त्यानंतर आबांची फारशी गरज उरली नाही. पाय दारोदार फिरत राहिले, तोंड बोलत राहिलं आणि आबा स्वतः डोंगरात होते. मारुतीपासून पार शेवटच्या घरापर्यंत एकही दार सुटलं नाही. काम चोख झाल्याच्या समाधानात ते घरी येऊन झोपले आणि सकाळी भिकुबाई गोठ्यात असतानाच, पुढे जाऊन सगळ्यांना गोळा करावं म्हणून मिळेल त्या गाडीने निघून गेले.

डॉक्टर तेजस यांचा दवाखाना पारोळ्यात नवा होता. फ्रिजमध्ये आठ लसी मोजून ठेवलेल्या. नर्सबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आठ जणच येणार होते ना?"

बाहेर ट्रॅक्टर येत होते. ट्रॉल्यांमधून काठापदराच्या साड्या उतरत होत्या, पांढऱ्या टोप्या उतरत होत्या, तेल लावून भांग पाडलेली पोरं उतरत होती. सगळे सकाळपासून उपाशी होते, कारण चुली बंद होत्या. मांडव कुठे दिसत नव्हता, पण डॉक्टर अजून बिनलग्नाचे आहेत हे कोणीतरी शोधून काढलं आणि मग कार्य कोणाचं हा प्रश्नच उरला नाही. एका म्हाताऱ्या अक्कांनी आत येऊन नर्सबाईंची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "गोरी शे. जोडा चांगला दिखस."

आबा दारात उभे होते. त्यांच्या डोळ्यांपुढचा बर्फ पहिल्यांदाच वितळायला लागला.

डॉक्टर बाहेर आले. ते गोंधळले होते, पण तसं दाखवायचं नाही असं त्यांना कॉलेजात शिकवलेलं होतं. "लसीसाठी आलात ना सगळे? बरं, पहिलं कोण?"

पहिलं कोण, हा प्रश्न खानदेशात जपून विचारावा. सुकलाल नानांनी ताबडतोब मागे वळून जावयाला पुढे ओढलं. जावई जितेंद्र शिरपूरहून आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि सुईला भयंकर भिणारा.

"नाना, मन्ही तब्येत चांगली शे. माले सुई कसाले?"

"जवाई, मान शे तो. नही म्हनू नका."

"दुसरास्ले द्या ना पह्यले."

"आम्हना घरना जवाई मांगे उभा राही का?" नानांचा आवाज चढला. जितेंद्रने सासूकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. दोघी कौतुकाने पाहत होत्या. त्याने डोळे मिटून बाही वर केली. नर्सबाईंना कोण दौऱ्यातला आणि कोण नाही, हे कळायला मार्ग नव्हता. सुई टोचली गेली आणि आवारात टाळ्या पडल्या.

तेवढ्यात योगराज मोटरसायकलवरून आला आणि गाडी उभी करायच्या आधीच ओरडायला लागला. पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. कार्य नाही, जेवण नाही, आणि लस फक्त दौऱ्याच्या लोकांना.

"म्हंजे आवतन दीसन पाठ फिरावतस?" नाना म्हणाले.

"नाना, ती लस शे. बुंदी नही शे."

"जे शे ते वाढा. आम्हीन चूल बंद करी उनूत."

डॉक्टरांनी जळगावच्या औषधविक्रेत्याला फोन लावला. त्याच्याकडचा साठा संपला होता, नवा माल पुढच्या महिन्यात. मग योगराजनेच बाजारातून शेव-मुरमुऱ्याचं पोतं आणवलं, चहाचं पातेलं ठेवायला सांगितलं आणि गाव आवारात पंगत करून बसलं. मुरमुऱ्यांवर मान राहिला. एकीकडे दौऱ्यातले लोक एकेक करून आत जात होते आणि बाहेर आले की पंगत त्यांना लग्नातल्या नवरदेवासारखं बघत होती. सहा जण झाले.

"एकच उरली," नर्सबाई म्हणाल्या. "दोन नावं राहिलीत. वना आबा आणि भिकुबाई."

"भिकुबाई कोठे शे?" कोणीतरी विचारलं.

आबांनी पंगतीवरून नजर फिरवली. सगळं गाव होतं. शेवटच्या घरातली म्हातारी होती, बाळंतीण होती, गावात ज्याला कोणी बोलवत नाही तोही होता. भिकुबाई नव्हती. सगळ्या गावाच्या दारी आपण उभे राहिलो, आपल्याच दारी राहिलो नाही.

"डॉक्टरसाहेब, दिवा लागाना पह्यले येस," ते म्हणाले. "ती एक ठेवा." आणि गावातल्या भूपेंद्रच्या रिकाम्या छोट्या टेम्पोत बसून ते गावाकडे निघाले.

अख्ख्या गावात एकाच घरातून धूर येत होता. भिकुबाईने वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. ती जेवली नव्हती. दाराशी बसून बाहेरच्या रिकाम्या गल्लीकडे बघत होती.

"बठ्ठं गाव गयं," ती म्हणाली. "मन्हा दारले कोनी उनं नही."

"तू ते घरनी शे वं. तुले काय आवतन देनं?"

"घरनीले सांगनं नही पडस का?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच आबांना भीती वाटली. "योगराजकडे नाव टाकी दिधं. लोकेस्ना तोंडथून माले कळनं का मी बर्फमा चालनी. तुम्हीन एक डाव तरी ईचारं का, चालस का म्हनीसन?"

आबांनी आठवून पाहिलं. विचारलं होतं. रोज दुपारी विचारलं होतं आणि ती रोज हो म्हणाली होती, पण ते सगळं कापसाच्या ढिगात, डोळे मिटून. खऱ्या भिकुबाईपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

ते उठले, अंगणाच्या बाहेर गेले, टोपी नीट केली आणि परक्या माणसासारखे चालत पुन्हा दारापाशी आले.

"भिकुबाई," ते म्हणाले. आयुष्यभरात त्यांनी तिला पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. "आज पारोळाले लस शे. मंग हिमाचलमा बर्फ शे. मन्हासंगे चाल."

"घरटी एक का चूलबंद?"

"चूलबंद."

भिकुबाईने पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते आबांना कळलं नाही, कारण ती आत गेली होती. चुलीवर पाणी शिंपडल्याचा आवाज आला. मग ती लग्नकार्यातली हिरवी साडी नेसून बाहेर आली आणि टेम्पोत पुढे बसली.

पारोळ्याच्या वाटेवर ऊन मऊ झालं होतं. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी संपून उलंगलेली शेतं, कुठे कुठे पऱ्हाटीवर चुकलेली पांढरी बोंडं. लस एकच आहे हे आबांनी अजून सांगितलं नव्हतं. ती भिकुबाईला द्यायची, आपण मागे राहायचं, हे त्यांचं ठरलं होतं आणि त्यासाठी एक वाक्य ते मनातल्या मनात तयार करत होते. वाक्य फार सुंदर झालं होतं. त्यात बर्फ होता, जन्म होता, शेवटी जरा थांबायची जागाही होती.

"आबा, एकच आहे," डॉक्टर म्हणाले. "कोणाला देऊ?"

आबांनी घसा साफ केला. तोवर भिकुबाई खुर्चीवर बसून दंड पुढे करून मोकळी झाली होती.

"आवतन माले शे," ती डॉक्टरांना म्हणाली, आणि मग आबांकडे वळली. "तुम्हले कोनी दिधं?"

आबांचं वाक्य तसंच राहिलं.

दोन आठवड्यांनी गाडी निघाली तेव्हा भिकुबाई खिडकीशी होती. तिच्या शेजारी आबांच्या जागेवर जितेंद्र होता, कारण लस घेतलेला तेवढाच एक माणूस शिल्लक होता आणि फुकट गेलेली जागा योगराजला बघवत नव्हती. आबांनी हात हलवला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते हलवत राहिले.

मग ते घरी आले आणि कापसात शिरले. भिकुबाई आता रेल्वेत असेल, आता डोंगर लागला असेल, आता तिने शाल डोक्यावरून घेतली असेल. ते रोज तिच्याबरोबर जात होते. भाकरी करपत होती, दूध उतू जात होतं, पण हिमाचलातलं एक वळणसुद्धा त्यांच्याकडून चुकलं नाही.

भिकुबाई परत आली ती ठणठणीत. साधी शिंकसुद्धा नाही. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि बाहेरचं दार लोटून घेऊन ती आबांच्या शेजारी कापसावर टेकली.

"कसं व्हतं?" आबांनी विचारलं.

तिने एकदा दाराकडे पाहिलं. "तुम्हले सांगस. कोनले सांगू नका. गाडी वळनंच वळनं लेवाले लागनी, माले मळमळ. योगराजनी उलटीनी गोळी दिधी. ती गोळी लिधी का माले झोप. वर जातांना झोप, खाले येतांना झोप. बठ्ठा बर्फमा उतरनात, माले दोन डाव हालाडं म्हनतस, मी उठनीच नही."

"आनि सफरचंद?"

"ते जागेपनी देखं. पान बी नही झाडेस्ले. नुसत्या काड्या." तिने साडीला चिकटलेला कापूस काढला. मग हळूच म्हणाली, "सकाय बाया ईचारतीन. काय सांगू मी?"

आबा सरळ झाले. त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. बर्फ पडतो तेव्हा आवाज होत नाही, उलट असलेले आवाजही तो झाकून टाकतो. वर मान केली की तो पडतोय की आपण वर चाललोय हे कळत नाही. देवदारच्या फांदीवर तो साचतो, साचतो आणि मग फांदी त्याला हळूच खाली सोडते. पदरावर पडतो, पण भिजवत नाही. हात पुढे केला की असतो, मूठ मिटली की नसतो.

भिकुबाई डोळे मिटून ऐकत होती. आबांना वाटलं, झोपली. ते थांबले.

"हां," ती डोळे न उघडता म्हणाली, "आते ध्यानमा उनं."